कणगीतला ट्रेलर

"जावई आहात तर पाटावर बसा, कोंबडी कापते! पण कणगीला हात लावलात तर आधी तो हात कापीन, मग कोंबडी!"

सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या पाड्यावरची माणसंसुद्धा आपापल्या कणगीपासून दोन पावलं लांब सरकली असतील. त्यांच्या हातात कोयता होता, माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. सामना बरोबरीचा नव्हता. आमच्या मधे ती कणगी उभी. माझ्या छातीएवढी, बांबूची, वरपासून खालपर्यंत शेणामातीनं ताजी लिंपलेली, तोंडसुद्धा लिंपून बंद. तिच्या पोटातून एक काळी वायर बाहेर आली होती. वायरीच्या टोकाला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, आणि तो कंट्रोलर खाटेवर बसलेल्या माझ्या मेहुण्याच्या मांडीवर. बघणाऱ्याला वाटावं, माणसाला भाताचं सलाईन लावलंय.

हे असं कसं झालं ते सांगतो. यात माझा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी कळेलच की होता, पण तोवर तुम्ही माझ्या बाजूचे झालेले असाल.

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे, दोन गिऱ्हाईकं आत शिरली की मी बाहेर उभा राहतो. मिक्सर, पंखे, टीव्ही, देवळातले भोंगे. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून दुरुस्त झाली नाही अशी वस्तू नाही. एका बाईच्या शिलाई मशीनची मोटर तर मी अशी बसवली की मशीन उलटं फिरायला लागलं आणि तिनं महिनाभरात गावातले सगळे जुने कपडे उसवून दिले. हल्ली मात्र दमतो. सोल्डरिंगची लेखणी धरली की खांदा भरून येतो, चष्मा लावूनही बारीक टाके दिसत नाहीत, आणि कुणी पिशवीतून वस्तू काढायला लागलं की मी मनात म्हणतो, देवा, ही बिघडलेली नसू दे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, राहणार सायवनकडचा. वीस वर्षं हायवेला ट्रेलर चालवला. बावीस चाकांचा ट्रेलर तो बैलगाडीसारखा मागं घ्यायचा. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी, तलासरीच्या पुढं धाब्यावर, चहाचा कप उचलायला त्यानं उजवा हात पुढं केला. हात पुढं गेला, कप काही उठला नाही. लकवा. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा मागं राहिला. तलासरीच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, "पहिले सहा महिने रोज बोटं हलवली तर हात येईल. नाही हलवली तर असाच राहील, मग स्टिअरिंग विसरायचं." आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला.

चेंडू मेहुण्यानं अंगणात भिरकावला. डाव्या हातानं. म्हणाला, "मी काय कुत्रा हाय?"

तेव्हा मला दुकानात पडलेल्या एका व्हिडिओ गेमच्या मशीनची आठवण झाली. झाईकडच्या एका चिकूच्या वाडीतल्या शेठनं ते तीन वर्षांपूर्वी दुकानात टाकलं होतं. टाकताना म्हणाला होता, "जोई लेजो, चालू थाय तो ठीक, नी थाय तो तमे राखो." म्हणजे बघा, चालू झालं तर ठीक, नाही झालं तर तुम्हीच ठेवा. त्यातलं "तमे राखो" एवढंच मी ऐकलं. मशीन समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आतून खाल्लेलं. मी ते साफ करून चालू केलं, पण कंट्रोलरची पिन सॉकेटात गंजून बसली होती, ती निघेना. त्यात ट्रक चालवायचा गेम होता. नेऊन मेहुण्याच्या टीव्हीला जोडला आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं, "ही पिन कुणी ओढायची नाही. ओढलीत तर सॉकेटच हातात येईल."

पहिला आठवडा त्यानं डाव्या हातानंच चालवला आणि शिव्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात उजव्याचा अंगठा बटणावर नुसता ठेवायला लागला. तिसऱ्यात अंगठा दाबला. सासूबाईंनी त्या दिवशी शेजारीपाजारी गूळ वाटला. अंगठ्याच्या नावानं गूळ वाटलेलं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि संक्रांतीच्या मागं-पुढं एका दुपारी, जरा जास्तच जोरात वळण घेताना, त्याच उजव्या हाताचा धक्का लागून पाण्याचा तांब्या मशीनवर उपडा झाला.

सासूबाईंचा फोन आला. "जावय, तुमची पेटी पाणी प्याली."

माझ्यासमोर मिक्सरची उघडी मोटर, फोन खांद्यात धरलेला. मी म्हणालो, "बटण बंद करा. तांदळात घालून ठेवा. पूर्ण बुडेल अशी. पिन ओढू नका. दोन दिवसांत येतो."

खरं सांगायचं तर हा तांदळाचा सल्ला मी सगळ्यांना देतो. तांदूळ पाणी ओढतो की नाही मला ठाऊक नाही. पण दोन दिवस गिऱ्हाईक लांब राहतं, हे नक्की.

आता त्या घरात डब्यात तांदूळ किती? मशीनच्या घोट्यापर्यंत येईल इतका. "पूर्ण बुडेल अशी" म्हणालो होतो मी. आणि त्याच दिवशी, त्याच खोलीत, सासूबाई बियाण्याच्या भाताची कणगी भरत होत्या. भात काय आणि तांदूळ काय, एकाच आईची लेकरं. त्यांनी खाली भात, त्यावर राख, त्यावर निरगुडीचा पाला, त्यावर व्हिडिओ गेम, त्यावर पुन्हा भात, राख, पाला असे थर लावले. पिन ओढायची नव्हती म्हणून वायर बांबूच्या फटीतून बाहेर काढली. मग तोंड बंद केलं आणि वरून लिंपलं. माझ्या सांगण्यातला एक शब्द त्यांनी खाली पडू दिला नव्हता. माझी बायको तीस वर्षांत माझं एवढं ऐकलेली नाही.

दोन दिवसांनी मी पोचलो तेव्हा कळलं, की त्या घरात बियाण्याची कणगी एकदा लिंपली की पेरणीच्या दिवसापर्यंत फोडत नाहीत.

"बियाणं निजलंय," सासूबाई म्हणाल्या. कोयता आता खाली आला होता. "मधेच उठवलं तर उगवत नाय."

"अहो, वरून एवढंसं भोक पाडतो, हात घालतो, पेटी काढतो. बियाण्याला कळणारसुद्धा नाही."

"तुमच्या सासऱ्यांनी असंच म्हटलेलं. पाव्हण्याला मूठभर दाखवायला फोडली. त्या साली रोप पिवळं पडलं. वर्षभर नाचणी खाल्ली."

मी त्यांना विज्ञान सांगितलं. त्यांनी मला नाचणी सांगितली. विज्ञान हरलं.

दुसरं मशीन आणायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. आणलं ना. दुकानात एक होतं, त्यात उडती बदकं मारायची. मेहुण्यानं एकदा बघितलं, म्हणाला, "मी ड्रायव्हर हाय, शिकारी नाय," आणि भिंतीकडे तोंड केलं.

नंतरचे दोन रविवार मी गेलो ते नुसता बघून आलो. तो खाटेवर, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी सांभाळायला देऊन गेलेल्या सामानासारखा. जो अंगठा गूळ वाटण्याइतका सरळ झाला होता, तो परत तळव्यात वळायला लागला होता. डॉक्टरांचे सहा महिने चालू होते आणि पेरणीला चार महिने होते. परतीच्या बसमध्ये खिडकीच्या गजाला डोकं टेकून मी स्वतःलाच म्हणालो, तुला फोनवर तांदळाऐवजी दुसरं काही सुचलं नाही?

तिसऱ्या रविवारी मी खोटं बोललो.

खोटं बोलणं मला नवं नाही. पण ते हौसेचं, गिऱ्हाईकाला हसवण्यापुरतं. हे तसलं नव्हतं. मी कणगीला कान लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग म्हणालो, "चालू आहे."

"काय चालू हाय?" मेहुणा.

"मशीन. अरे, आत एक सेल असतो, घड्याळासारखा. टीव्ही नसला म्हणून गाडी थांबत नाही. तू इथं बटणं दाबलीस की आत किलोमीटर लिहिले जातात. आणि बरेच दिवस दाबली नाहीस, तर आठवण पुसून जाते. मग पहिल्यापासून शिकाऊ ड्रायव्हर."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चेकनाक्यावर कागद नसलेली गाडी घेऊन उभा आहे. "पडदा नाय, तर रस्ता कसा दिसनार?"

"वीस वर्षं गाडी कोण चालवत होतं? तू की पडदा?"

मी जेवलो, बसला निघालो. पुढच्या रविवारी दारातूनच ऐकू आलं, "चारोटी सोडली."

खाट कणगीला लावलेली, कंट्रोलर दोन्ही हातांत, डोळे समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काहीही नव्हतं. पण तो गाडी चालवत होता. चारोटी सोडून तलासरी, आच्छाड, भिलाड, वापी. कुठं चढ, कुठं खड्डा, कुठल्या वळणावर समोरून गाई येतात, सगळं बोलत बोलत. सासूबाई शेजारी बसून नाचणी पाखडत होत्या आणि मधेच विचारत होत्या, "रे, वापीला उतरशील तर लसूण आण." पाड्यावरचे म्हातारे यायचे, कणगीसमोर रांगेत उकिडवे बसायचे आणि सुरतेपर्यंत जाऊन यायचे. एकाला तर घाटात उलटीसारखं झालं, असं मी दुकानात सांगतो. त्या रस्त्याला म्हणावा असा घाट नाही, पण सांगतो.

चारोटी सोडली की उजव्या हाताला महालक्ष्मीचा डोंगर लागतो. ट्रकवाला तिथं हात जोडल्याशिवाय पुढं जात नाही. पहिल्या रविवारी त्यानं डोंगर आला म्हणून डावा हात कपाळाला लावला. होळीनंतर एका रविवारी डोंगर आला, डावा हात उठला, आणि त्याच्या मागोमाग उजवाही निघाला. छातीपर्यंत आला, तिथं थांबला, थरथरला. सासूबाईंचं सूप थांबलं. हात खाली गेला. मेहुणा म्हणाला, "पुढं गर्दी हाय," आणि गाडी पुढं काढली. मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

पण माणूस दमतो हो. हसवायचं खोटं एकदा बोललं की सुटलं. हे खोटं म्हशीसारखं, रोज वैरण मागणारं. दर रविवारी डहाणूहून बस, कासामार्गे, उन्हात. दर रविवारी कणगीला कान. दर रविवारी नवीन काहीतरी: आज आवाज बारीक आहे, आज इंजिन गरम झालंय. सासूबाई लिंपणावर हात ठेवून म्हणायच्या, "हो, गरमच लागते." ती उन्हाची बाजू होती. आणि मला आतून ठाऊक की पेरणीचा दिवस येणार, कणगी फुटणार, मशीन चालू झालंच तर पडद्यावर मोठ्ठं शून्य येणार. चार महिने ज्याला गाडी चालवायला लावली, त्याला कळणार की तो भाताच्या टोपल्याशी बोलत होता. मग तो कंट्रोलरही अंगणात जाणार, चेंडूसारखा. आणि हात? येतायेता राहिलेला हात घेऊन माणूस काय करतो, ते मला बघायचं नव्हतं.

बिघडलेलं मशीन मी दुरुस्त करू शकतो. चालू आहे असं सांगितलेलं मशीन कसं दुरुस्त करायचं?

मे सरत आला. राब, म्हणजे रोपाच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजून झाला, जमीन काळी पडली, धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीचा दिवस ठरला. सासूबाईंनी कणगीला हळदकुंकू लावलं, दिवा ओवाळला आणि कोयत्याच्या उलट्या बाजूनं लिंपण फोडलं. भात टोपलीत उतरायला लागलं. आणि मधल्या थरातून ते मशीन वर आलं, नखशिखांत राख फासलेलं, मठात बारा वर्षं काढून आलेल्या गोसाव्यासारखं. मी जवळजवळ पाया पडलो.

पडवीत पोतं अंथरलं आणि बसलो. दुरुस्तीचा नियम एकच: आधी सगळ्यात सोपं बघायचं. अ‍ॅडॅप्टर मीटरला लावला, व्होल्टेज ठीक. मशीनचे सहा स्क्रू, पाच निघाले, सहावा गंजलेला, तो फोडला. झाकण उघडलं तर आत अर्धा गाव. तूस, राख, निरगुडीचं पान, मेलेले सोंडकिडे. पंखा फिरेना. पात्यांमध्ये भाताचा एक दाणा अडकला होता. तांब्याभर पाण्यावर तो कधीतरी उगवला होता आणि मग तसाच वाळला होता, बोटभर पांढरा कोंब वर काढून. दुकानात मी कोंब हातभर सांगतो. सासूबाईंनी दाणा माझ्या चिमटीतून घेतला, उजेडात धरून बघितला. "उगवण चांगली हाये," म्हणाल्या, आणि तो घेऊन त्या शेताकडे निघून गेल्या. मशीनचं काय झालं, विचारलंसुद्धा नाही.

दात घासायच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं बोर्ड धुतला. बटण दाबलं. लाल दिवा आला, गेला. कुठंतरी शॉर्ट. पॉवर सॉकेटच्या पायाशी राख ओली होऊन दगडासारखी बसली होती, ती सुईनं खरवडली. पुन्हा बटण. दिवा आला, टिकला, पंखा फिरला, चित्र नाही. एक कपॅसिटर पोट फुगवून बसला होता, जेवणावळीतल्या भटजीसारखा. पिशवीत एक मेलेला सेटटॉप बॉक्स होता, त्यातला काढून घातला. टाका तीनदा चुकला. मेहुणा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता.

शेवटी कंट्रोलरचं सॉकेट राहिलं. ज्यातली पिन कधी निघायची नव्हती, ते. पिन निघालेली होती. कणगी उपसताना ओढली गेली असेल, असं मला आधी वाटलं. पण सॉकेटच्या आत तूस भरलेलं होतं, एकदम तळापर्यंत, राखेसकट घट्ट. पिन आत असताना तिथं तूस जात नाही. आणि आज दुपारी निघालेल्या पिनेच्या जागी चार महिन्यांची राख बसत नाही. सत्तावीस वर्षं हेच वाचत आलोय मी, बाकी काही वाचता येत नाही.

सुईनं तूस काढलं, सॉकेट पुसलं, पिन बसवली. टीव्ही लावला.

चित्र आलं. मशीननं आधी दिवस आणि वेळ विचारली, म्हणजे आतला सेल केव्हाच मेला होता, मग ट्रक दिसला, आणि खाली ते मोठ्ठं शून्य. शून्य किलोमीटर. मी मेहुण्याकडे बघितलं नाही. बाजूला सरलो आणि स्क्रू गोळा करायला लागलो, जे मी आधीच गोळा केले होते.

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मागं वळलो तर तो दोन्ही अंगठ्यांनी चालवत होता. उजवा जरा उशिरा पोचत होता, पण पोचत होता. पेरणीसाठी माझ्याबरोबर आलेल्या बायकोनं चहा आणला. त्यानं गाडी कडेला लावली आणि कप उजव्या हातानं उचलला. चहा हलत होता, पण कपातच होता. दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मी खाटेच्या कडेला बसलो.

"पिन कधी निघाली रे?" मी विचारलं.

"तुम्ही ते सेलचं सांगितलं ना, त्याच दिवशी. तुम्ही बसला गेलात आणि ओढून बघितली. आली हातात. मग परत फटीतून आत खुपसून ठेवली."

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग इतके महिने कशाला चालवत होतास?"

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुम्ही एवढे बसनं यायचात ना."